कव्हर लेटर: स्वतःसाठी शब्द कसा टाकायचा?

ट्रेनमध्ये ऐकत असाल तर आवाज जरा वाढवा, कारण आज मी घरातूनच रेकॉर्ड करतेय आणि खाली रस्त्याचं काम चाललंय. मध्येच ड्रिलचा आवाज आला तर सांभाळून घ्या. भोईवाड्यात हे नेहमीचंच. भोईवाडा म्हणजे परळचा बरं का, भुलेश्वरचा नाही. कुरिअरवाल्यालाही दरवेळी हेच सांगावं लागतं.

आजचा विषय तुमच्याच मेसेजमधून आलाय. "ताई, रेझ्युमेवर बोललात, इंटरव्ह्यूवर बोललात, पण ते कव्हर लेटर म्हणजे नेमकं काय? आणि ते खरंच कुणी वाचतं का?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. मी आठ वर्षं भरतीच्या कामात आहे. लोकांचे अर्ज उघडणं, चाळणं, पुढे पाठवणं, हाच माझा धंदा. पुष्कळदा कव्हर लेटर कुणी वाचत नाही. कॉल सेंटरला एकदम पन्नास जण घ्यायचे असतील तर शिक्षण, भाषा, राहायला कुठे, शिफ्ट चालेल का, एवढं बघून फोन लावतात. सरकारी भरतीत तर त्याला जागाच नाही. एमपीएससी असो, रेल्वे असो की महापालिका, जो फॉर्म दिलाय तो भरायचा, जे प्रमाणपत्र मागितलंय ते जोडायचं, बस. तिथे आपली कहाणी लिहून पाठवली तर ती तशीच पडून राहणार.

मग कधी वाचतात? रेझ्युमेमध्ये एखादी गोष्ट अशी असते की ती बघून वाचणारा थबकतो, तेव्हा. दीड वर्ष काहीच केलेलं दिसत नाही, कॉमर्सचा मुलगा डिझाइनच्या जागेला अर्ज करतोय, किंवा नागपूरचा पत्ता आहे आणि नोकरी लोअर परळची आहे. अशा वेळी बोट डिलीटवर जाण्याआधी नजर मेलच्या मजकुरावर जाते. "का बरं?" याचं उत्तर तिथे सापडलं तर माणूस वाचतो. छोट्या ऑफिसांमध्ये, जिथे मालकच मेल उघडतो, तिथेही वाचतात. आणि जिथे तुमची काहीच ओळख नाही तिथे तर तुमच्या बाजूने बोलणारं दुसरं कुणी नसतंच.

ही ओळखीची गोष्ट जरा नीट बोलू, कारण आपल्या भागात नोकरी म्हटलं की पहिला प्रश्न हाच असायचा: कुणी शब्द टाकणारं आहे का?

माझे आजोबा गिरणीत होते. इथे लालबाग-परळमध्ये कुणाचे नव्हते? गिरणीत चिकटायचं तर जॉबर लागायचा. जॉबर म्हणजे खात्यावरचा मुकादम. तो आपल्या गावचा, आपल्या ओळखीचा माणूस आत घ्यायचा. म्हणून एकेका खात्यात एकाच पट्ट्यातली माणसं असायची, कुठे रत्नागिरीची, कुठे साताऱ्याची. कायम नोकरी मिळेपर्यंत माणूस बदली कामगार. पाळीच्या वेळी गेटवर जाऊन उभं राहायचं, कुणी गैरहजर असेल तर त्याच्या जागी आत, नाहीतर परत घरी. काल भरली तशी पाळी आज भरेलच याची खात्री नाही.

याचं कौतुक करण्याचं कारण नाही. जॉबर दस्तुरी घ्यायचे, म्हणजे नोकरी लावून दिल्याचे पैसे. ज्याचं गाव वेगळं, जात वेगळी, त्याने कुणाच्या तोंडाकडे बघायचं? पण त्यात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी होती. जॉबरने शब्द टाकला की त्याची स्वतःची पत पणाला लागायची. "पोरगा चांगला आहे हो" एवढ्यावर भागायचं नाही. धागा तुटला तर झटपट सांधतो, रात्रपाळीला दांडी मारत नाही, असं काहीतरी बघता येईल ते सांगावं लागायचं. कारण दुसऱ्याच दिवशी ते साच्यावर दिसणारच होतं.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि पुढे ते जगच गेलं. गिरण्यांच्या जमिनींवर आता काय आहे ते तुम्ही रोज बघता. कमला मिलमध्ये ऑफिसं, फिनिक्समध्ये मॉल. आजोबांच्या पिढीतली माणसं जिथे गेटवर उभी राहायची, तिथे नातवंडं लॅपटॉपच्या बॅगा घेऊन आत जातात. आणि ज्यांना अजून आत जाता आलेलं नाही, ती मोबाईलवरून "अप्लाय" दाबत बसतात. त्यांच्यासाठी शब्द टाकायला जॉबर नाही, मामा एचआरमध्ये नाही, कॉलेजला धड प्लेसमेंट सेल नाही. कव्हर लेटर म्हणजे अशा मुलामुलींनी स्वतःसाठी टाकलेला शब्द. मी तरी त्याच्याकडे असंच बघते.

आता एका मुलीबद्दल सांगते. आमच्या पलीकडच्या चाळीतली. नाव सांगणार नाही, पण बाकीचं सांगायला तिची परवानगी आहे. वय चोवीस, बी.कॉम. धाकटा भाऊ बारावीला, वडील टॅक्सी चालवायचे, आता गुडघ्यामुळे फार चालवत नाहीत. भावाची फी भरायची तर घरात दुसरा पगार यायलाच हवा. पाच महिने ती अर्ज करत होती. एकही फोन नाही. म्हणजे नकारसुद्धा नाही. संध्याकाळी मला खाली भेटली, म्हणाली, "ताई, माझं लेटर बघता का जरा? इंटरनेटवरूनच घेतलंय, इंग्लिश बरोबर आहे."

इंग्लिश खरंच बरोबर होतं. "आय ॲम रायटिंग टू एक्सप्रेस माय कीन इंटरेस्ट" असं सुरू होऊन पुढे हार्डवर्किंग, डेडिकेटेड, टीम प्लेअर, क्विक लर्नर. शेवटी, संधी मिळाल्यास मी कंपनीच्या प्रगतीत मोलाची भर घालीन. हे पत्र मी त्या आठवड्यात निदान वीस वेळा वाचलं असेल, वेगवेगळ्या नावांनी आलेलं.

यात वाईट शब्द एकही नाही. पण यातलं काय तपासता येतं? मासळी बाजारात कोळीण "ताजं आहे गो बाय" म्हणते, तरी आपण कल्ले उघडून बघतोच ना? लाल आहेत की नाही? "मी मेहनती आहे" हे "ताजं आहे" सारखं आहे. वाचणारा कल्ले शोधतो आणि पत्रात ते कुठेच नसतात.

आणि तिच्या रेझ्युमेत एक मोठी फट होती. बी.कॉम. झाल्यावर सहा महिने एका दुकानात अकाउंट्सचं काम, आणि मग जवळजवळ सव्वा वर्ष काहीच नाही. पत्रात त्याबद्दल चार शब्द: "ड्यू टू पर्सनल रीझन्स".

मी विचारलं, काय होती गं ही पर्सनल रीझन्स?

तर आईला कॅन्सर झाला होता. टाटा हॉस्पिटल आमच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर, पण उपचार म्हणजे नुसतं चालत जाणं नसतं. चौदा महिने सगळं तिनेच बघितलं. कुठल्या दिवशी कुठली ओपीडी, कुठल्या तपासणीला उपाशीपोटी जायचं, रिपोर्ट कधी घ्यायचा, योजनेची कागदपत्रं, रेशनकार्डाची झेरॉक्स. तिने एक फाइल केली होती, रंगीत चिकटपट्ट्या लावून, कुठलाही कागद अर्ध्या मिनिटात काढायची. आणि तिथे बसून बसून तिची बाहेरगावच्या माणसांशी ओळख व्हायला लागली. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरलेली कुटुंबं, बुलढाण्याची, बीडची, सोलापूरची. मुंबईत पहिल्यांदा आलेली, घाबरलेली माणसं. ती त्यांना कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्यायची: उद्या सकाळी काय खायचं नाही, कुठे जायचं, बरोबर काय न्यायचं, तिथे काय विचारतील.

मी म्हटलं, "अगं, मग हे लिहिलं का नाहीस?"

ती म्हणाली, "ताई, ते काय काम थोडंच होतं?"

बघा हं. ती अर्ज करत होती परळमधल्याच एका खासगी तपासणी केंद्रातल्या पेशंट को-ऑर्डिनेटरच्या जागेसाठी. जाहिरातीत चक्क लिहिलं होतं की बाहेरगावच्या पेशंटना मराठी आणि हिंदीत तपासण्यांची माहिती देणारी व्यक्ती हवी. आणि ज्या बाईने हेच काम चौदा महिने केलं, तिने ते चार शब्दांत झाकून टाकलं होतं.

हे असं का होतं याचा मी बराच विचार केलाय. मला वाटतं यात आपल्या शाळेचा हात आहे. दहावीला उपयोजित लेखनात पत्र असायचं, आठवतंय? मागणीपत्र किंवा विनंतीपत्र. डावीकडे की उजवीकडे पत्ता, विषय, महोदय, आणि शेवटी आपला विश्वासू किंवा आपली नम्र. मांडणी बरोबर असली की मार्क मिळायचे. मजकूर काल्पनिकच असायचा, त्यामुळे त्यात खरं काही लिहायची सवयच लागली नाही. दुसरी गोष्ट, आपल्याला अर्ज म्हणजे खालून वर केलेली विनंती वाटते. सविनय, कृपया, माझ्या अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा. तहसील कचेरीत ते ठीक आहे. पण नोकरी देणाऱ्याला सहानुभूती दाखवायची नसते, त्याचं एक काम अडलेलं असतं आणि ते करणारं माणूस त्याला हवं असतं.

इथे भोईवाडा कोर्टाच्या आसपास गेलात तर टायपिंगची, नोटरीची, झेरॉक्सची दुकानं दिसतील. प्रतिज्ञापत्राचा मजकूर तिथे तयार असतो, नाव आणि पत्ता बदलला की झालं. ते तसंच असायला हवं, कायद्याची भाषा ठरलेली असते. आपण कव्हर लेटरही तसंच समजतो. नाव बदला, कंपनी बदला, पाठवा. आणि कधीकधी कंपनीचं नाव बदलायचंही राहून जातं. हसू नका, मला असे मेल येतात.

या मुलीशी बोलताना मला आनंदीबाई जोशी आठवल्या. डॉक्टर आनंदीबाई. सिनेमा बघितला असेल तुम्ही, मालिका बघितली असेल. पण त्यांनी केलेला अर्ज फार थोड्यांना माहीत असतो. ४ जून १८८३ ला त्या न्यूयॉर्कला उतरल्या, नवरा बरोबर नाही, वय अठरा. आणि २८ जूनला त्यांनी फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियाच्या आल्फ्रेड जोन्स या पदाधिकाऱ्यांना प्रवेशासाठी पत्र लिहिलं. ते पत्र फिलाडेल्फियात ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात आजही आहे. प्रवेशाचा अर्ज आहे, नोकरीचा नाही, हे कबूल. पण कव्हर लेटर कसं असावं हे शिकवायला मला याच्याइतकं चांगलं उदाहरण मिळालेलं नाही.

त्या काय करतात? पहिलं म्हणजे आपली कमतरता लपवत नाहीत. कॉलेजच्या प्रवेशाच्या अटी मी कदाचित सगळ्या पूर्ण करू शकणार नाही, असं त्या स्वतःच लिहितात. आपलं प्रकरण वेगळं आहे, त्याचा विचार करावा, एवढं म्हणतात आणि पुढे जातात. रडगाणं नाही. मग लगेच त्या कमतरतेसमोर दुसरं काहीतरी ठेवतात: माझी तब्येत चांगली आहे, आणि मित्रमंडळी आणि जातीच्या एकत्रित विरोधाला न जुमानता ज्या निर्धाराने मी तुमच्या देशात आले, तो निर्धार पुढेही मला उपयोगी पडेल. म्हणजे "मी डिटरमाइंड आहे" असं नुसतं विशेषण नाही. बाई समुद्र ओलांडून आली आहे, पत्र अमेरिकेतूनच लिहिते आहे. कल्ले लाल आहेत की नाही ते समोर दिसतंय!

मग येतं काम. माझ्या देशातल्या बायकांना वैद्यकीय मदतीची गरज आहे, पुरुष डॉक्टरकडून ती घेण्यापेक्षा त्या मरण पत्करतील. म्हणजे गरज काय, आणि ती गरज मीच का भागवू शकते, हे दोन्ही तिथे आलं. आणि त्या स्पष्ट म्हणतात की मी व्यक्तिशः माझ्यासाठी काहीच मागत नाही, या कामासाठी लायक होण्याकरता जे लागेल तेवढं द्या.

आनंदीबाईंचं आयुष्य आपल्याला माहीत आहे. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी बाळ झालं आणि दहा दिवसांत गेलं. स्वतःच्या दुःखाबद्दल लिहायला कमी होतं का? पण पत्राचा सगळा भार आहे तो पुढे करायच्या कामावर. ११ मार्च १८८६ ला त्यांना एम.डी. मिळाली. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये स्त्रियांच्या वॉर्डवर नेमणूकही झाली, पण क्षयाने २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्या गेल्या. बावीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती. असो. तो विषय निघाला की मी भरकटते.

तर परत आमच्या मुलीकडे. आता तिने दुसरं टोक गाठलं. आईबद्दल लिहायचं ठरल्यावर तिने जे लिहून आणलं त्याची पहिलीच ओळ होती की माझ्या आईला कॅन्सर झाला आणि आमच्या कुटुंबावर आभाळ कोसळलं. पुढे अर्धं पान तेच. वाचून माझ्याच डोळ्यात पाणी आलं. पण मी म्हटलं, हे पाठवायचं नाही.

कारण वाचणाऱ्याची पंचाईत होते. तो हळहळतो, आणि मनात म्हणतो, हिची आई आजारी आहे, म्हणजे ही सारखी रजा घेणार. तुम्ही त्याला दयेच्या जागी बसवलंत तर तो दया दाखवेल आणि नोकरी दुसऱ्याला देईल. घरातलं आजारपण सांगायलाच पाहिजे असंही नाही. अकाउंट्सच्या जागेला अर्ज असता तर "घरातल्या व्यक्तीच्या आजारपणामुळे या काळात नोकरी केली नाही, आता पूर्ण वेळ उपलब्ध आहे" एवढी एक ओळ पुरली असती, आजाराचं नावसुद्धा नको. या जागेसाठी मात्र तोच काळ तिचा अनुभव होता. म्हणून तो आत आला, पण अनुभव म्हणून.

तीन रात्री आम्ही त्यावर बसलो. पहिल्यांदा मी तिला लिहूच दिलं नाही. म्हटलं, मला व्हॉइस नोट पाठव, मराठीत, मी त्या सेंटरची मॅनेजर आहे असं समजून. ही युक्ती तुम्हीही करून बघा. बोलताना माणूस "मी डेडिकेटेड आहे" म्हणत नाही, तो "मी हे केलंय" म्हणतो. मग ती व्हॉइस नोट कागदावर उतरवली, छाटली, आणि शेवटी तिने साध्या इंग्रजीत लिहिली. मराठी मजकूर असा होता, वाचून दाखवते:

"नमस्कार. तुमच्या परळच्या सेंटरमधल्या पेशंट को-ऑर्डिनेटरच्या जागेसाठी मी अर्ज करत आहे. बाहेरगावच्या पेशंटना मराठी आणि हिंदीत तपासण्या समजावून सांगणारी व्यक्ती हवी, असं जाहिरातीत आहे. हे काम मी केलं आहे, फक्त नोकरी म्हणून नाही.

"माझ्या आईच्या कॅन्सरच्या उपचारांची सगळी व्यवस्था १४ महिने मी बघत होते. अपॉइंटमेंट, रिपोर्ट, बिलं, योजनेची कागदपत्रं. त्या काळात गावाहून आलेल्या इतर कुटुंबांनाही तपासणीच्या आधी काय करायचं आणि बरोबर काय आणायचं हे मी सोप्या मराठीत लिहून देत असे. तसा एक कागद सोबत जोडला आहे.

"माझ्या रेझ्युमेमध्ये हा काळ रिकामा दिसतो, त्याचं कारण हे. आई आता बरी आहे आणि मी पूर्ण वेळ काम करू शकते. टॅली आणि एक्सेल मला येतं. तपासणी केंद्राचं बिलिंग सॉफ्टवेअर मी वापरलेलं नाही, ते शिकावं लागेल.

"मी भोईवाड्यात राहते, सेंटरला चालत दहा मिनिटं लागतात. सकाळी सातच्या शिफ्टलाही येऊ शकते. भेटायला कधी येऊ ते कळवावं."

संपलं. फोनच्या स्क्रीनवर दोनदा बोट फिरवलं की वाचून होतं. यात "मेहनती" शब्द आहे का? नाही. "प्रामाणिक"? नाही. पण "सॉफ्टवेअर मी वापरलेलं नाही" या ओळीने ती प्रामाणिक आहे हे कळतं. ती ओळ काढायला ती तयारच होती. म्हणाली, "ताई, आपणच कशाला सांगायचं?" मी म्हटलं, इंटरव्ह्यूत पहिल्या पाच मिनिटांत कळणारच आहे. आणि ती ओळ असल्यामुळे वरच्या बाकीच्या ओळी खऱ्या वाटतात.

तो जोडलेला कागद मला सगळ्यात आवडला. सोनोग्राफीच्या आधी काय करायचं ते, स्केचपेनने, एक ते सहा आकडे घालून. त्यावर कुणा पेशंटचं नाव नाही, हे आम्ही दोनदा तपासलं. दुसऱ्याच्या आजाराचा कागद, रिपोर्ट, व्हॉट्सॲपचा स्क्रीनशॉट कधीही, कधीही जोडायचा नाही. तुमच्याकडे असं काहीतरी असेलच. गणपती मंडळाचा जमाखर्च तुम्ही एक्सेलमध्ये ठेवला असेल, क्लासच्या मुलांसाठी नोट्स केल्या असतील, काकांच्या दुकानाचं इन्स्टाग्राम चालवत असाल. ते दाखवा. लालबाग-परळच्या मंडळात दहा दिवस रांग सांभाळलेल्या मुलाने "क्राउड मॅनेजमेंट" असा भारी शब्द लिहिण्यापेक्षा रात्री दोन ते सहा गेटवर किती जण होते आणि लहान मूल हरवलं तेव्हा काय केलं, हे लिहावं. मी तर लगेच फोन करीन.

तुम्ही म्हणाल, पण नावच माहीत नसतं, कुणाला लिहायचं? शोधायचं. कंपनीच्या साइटवर, लिंक्डइनवर, नाहीतर सरळ रिसेप्शनला फोन करून, "या जागेचे अर्ज कोण बघतं?" नाही मिळालं तर "नमस्कार" पुरे. पण कंपनीबद्दल दोन खऱ्या गोष्टी माहीत करून घ्यायच्याच. सुधा मूर्तींचा पोस्टकार्डाचा किस्सा ऐकला असेल. १९७४ साली टेल्कोच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये अशी ओळ होती, तर त्यांनी थेट जेआरडी टाटांना पोस्टकार्ड लिहिलं. त्यात टाटांनीच देशात काय काय सुरू केलं याची आठवण आधी करून दिली, आणि मग विचारलं की अशा कंपनीत हा भेदभाव कसा. पुण्याला मुलाखतीचं बोलावणं आलं आणि नोकरीही मिळाली. नुसतं रागावून लिहिलं असतं तर काय झालं असतं कुणास ठाऊक. पण ते पत्र दुसऱ्या कुठल्या कंपनीला पाठवताच आलं नसतं, एवढं नक्की. तुमचं पत्रही असंच तपासा: कंपनीचं नाव बदलून दुसरीकडे जसंच्या तसं चालतंय का? चालत असेल तर ते अजून व्हायचंय.

चॅटजीपीटीबद्दल विचाराल, माहीत आहे मला. वापरा ना. इंग्रजी सुधारायला, स्पेलिंग बघायला उत्तम. पण त्याला काहीच न सांगता "कव्हर लेटर दे" म्हटलंत तर ते तुम्हाला तेच देणार जे तुमच्या शेजारच्याला दिलंय. आधी स्वतःची व्हॉइस नोट, मग ते. आणि त्याने तुमच्या नावावर न केलेलं काम घातलं असेल तर काढून टाका.

आता किरकोळ गोष्टी पटापट. पत्र मेलच्या मजकुरातच लिहा, वेगळी फाइल मागितली असेल तरच जोडा. फाइलला "न्यू फायनल टू" असं नाव नको, तुमचं नाव आणि जागेचं नाव द्या. मेलच्या विषयात जागा आणि ठिकाण. "कूल बॉय" वाला मेल आयडी आता निवृत्त करा. नोकरीच्या साइटवर जिथे छोटा रकाना असतो तिथे वरच्या पत्राचा दुसरा परिच्छेद तेवढा टाका. छोट्या क्लिनिकने, दुकानाने व्हॉट्सॲपवर अर्ज मागितला तर तिथेही नुसता पीडीएफ फेकू नका, बरोबर चार ओळी लिहा. पगाराचा विषय पत्रात काढू नका, मागितला असेल तरच. आणि नोंदणीचे पैसे, ट्रेनिंगचं डिपॉझिट, गणवेशाचे आगाऊ पैसे असं काही कुणी मागितलं तर तिथे पत्र लिहायच्या फंदातच पडू नका. दस्तुरीचा जमाना संपला म्हणतात, पण ती आता यूपीआयवर मागतात.

आठवडाभरात उत्तर आलं नाही तर एक, फक्त एक मेल करायचा. तोही "माझ्या अर्जाचं काय झालं" असा नको. "अमुक तारखेला अर्ज केला होता, अजून रस आहे, पुढच्या आठवड्यात कधीही येऊ शकते" एवढाच.

आमच्या मुलीने तिचं पत्र मागच्या मंगळवारी रात्री पाठवलं. पाठवण्याआधी आईला मराठीत वाचून दाखवलं, तर आई म्हणाली, "त्या बीडच्या बाईचं नाव घातलं नाहीस ना?" शुक्रवारी सेंटरमधून फोन आला. पहिला प्रश्न होता, तो कागद तुम्ही स्वतः लिहिलाय का. सोमवारी सकाळी अकराला बोलावलंय. नोकरी मिळाली असं मी सांगत नाहीये, मिळेलच असंही नाही. त्याच जागेला आणखी चार जणांना बोलावलंय असं कळलं. सध्या ती यूट्यूबवर बिलिंग सॉफ्टवेअरचे व्हिडिओ बघतेय आणि भाऊ तिचा इंटरव्ह्यू घेतोय, फार कडक घेतोय म्हणे.

तुमचं पत्र लिहून झालं तर मला पाठवा, पण आधी व्हॉइस नोट, मराठीत. फोन नंबर, पत्ता खोडून पाठवा. त्यातली दोन-तीन पुढच्या भागात नाव न घेता वाचू आणि दुरुस्त करू. ड्रिल परत सुरू झालंय, ऐकू येतंय ना? थांबते. भेटू पुढच्या गुरुवारी.